ही ओढ माझी की मावशीची?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू 24 वर्षांची आहेस, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झाली, जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात ड्यूटी करतेस. मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. लहानपणापासून घरात सगळे म्हणायचे, 'ही मावशीवर गेलीये, हिच्या हाताला गुण आहे.' बारावी झाल्यावर वडिलांनी फॉर्म आणला, तू भरलास. आता नाइटला पहाटे तीनच्या सुमारास जरा टेकलीस की तुला वाटतं, हे सगळं मावशीचं आहे, आपण नुसतं ते पुढे चालवतोय. आणि तू विचारतेस, ही ओढ माझी आहे की लोकांनी माझ्यात घातलेली, हे ओळखायचं कसं?

एकेरीत लिहिते, कारण तुझ्याच वयाच्या मुलींना रोज शिकवते. नर्सिंगमध्ये मला 29 वर्षं झाली. पहिली 12 वॉर्डात गेली, नंतरची ट्यूटर म्हणून. हा प्रश्न दर वर्षी दोन-तीन मुली तरी घेऊन येतात, बहुतेक वेळा नाइट ड्यूटीचा महिना संपताना.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. ही ओढ आली कुठून, हा एक. हे काम मी पुढे करावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल, असं तू धरून चालली आहेस. माझ्या पाहण्यात तसं होत नाही. ओढ मावशीकडून आली, हे तू स्वतःच लिहिलंयस. त्यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी विचारते, 'इथे का आलात?' आजी आजारी असताना एका सिस्टरने रात्रभर जागून तिला बघितलं, शेजारची ताई नर्स होऊन आखातात गेली आणि तिने घर बांधलं, मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून बाबा म्हणाले हे कर, अशी उत्तरं येतात. प्रत्येक उत्तरात कुणीतरी माणूस असतो. 'मी माझं मीच ठरवलं' म्हणणारी एखादी असते, तिला जरा बोलतं केलं की तिथेही एखादी मैत्रीण निघते. म्हणून 'कुणाकडून आली' यावरून ओढ खरी की खोटी हे ठरवू नकोस. त्या हिशोबाने आम्ही सगळ्याच खोट्या ठरू.

पुढचं सांगण्याआधी एक स्पष्ट करते, कारण इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. तुझ्या वॉर्डात रात्री एकटीकडे 40 पेशंट असतील, सुट्टी दिवसभर झोपण्यात जात असेल, पगार उशिरा होत असेल, तर तू जे सोसते आहेस तो थकवा आहे. थकव्यात प्रत्येक काम परकं वाटतं. माझी एक विद्यार्थिनी नोकरी सोडायला निघाली होती. रुग्णालय बदललं, नाइट महिन्यातून आठवर आल्या, आणि तीन महिन्यांत तिचा हा प्रश्नच मिटला. दुसरं, शैक्षणिक कर्ज आणि घरखर्च. तुझ्या पगारावर घर चालत असेल, तर आज सोडायचं की नाही याचा निर्णय तुझ्या मनाच्या कौलावर घेता येणार नाही, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखंही काही नाही. हे दोन्ही तपासून झालं असेल, तर पुढचं वाच.

माझी ओढ कुठून आली ते सांगते. माझं गाव माण तालुक्यातलं. 80च्या दशकात आमच्या उपकेंद्रात एक नर्सबाई होत्या. स्टोव्हवर स्टीलचा डबा, त्यात उकळणारी काचेची सिरिंज, आणि खोलीभर स्पिरिटचा वास. हातात घड्याळ असलेली मी पाहिलेली ती पहिली बाई. त्या गल्लीतून जायला लागल्या की पारावरची माणसं सरकून वाट द्यायची. मला त्या व्हायचं होतं. सहावीत असताना मी उशीला इंजेक्शन द्यायचे आणि आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, 'आमची नर्सबाई.'

वयाच्या अठराव्या वर्षी प्रशिक्षणाला गेले आणि तिसऱ्या आठवड्यात ती ओढ संपली. वॉर्डात बेडपॅन होते, पू होता, नातेवाइकांची ओरड होती. वाट कुणीच देत नव्हतं. तेव्हा मला कळलं की मी नर्सबाईंच्या मानावर भाळले होते. त्यांचं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. रात्री अडलेल्या बाळंतिणीशेजारी त्या कशा बसत असतील, लसीकरणाला नकार देणाऱ्या घरात पाचव्यांदा कशा जात असतील, यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

मग मी राहिले कशी? दुसऱ्या वर्षाची गोष्ट. पावसाळा होता, गॅस्ट्रोची साथ होती, कॉटमध्ये जागा नव्हती म्हणून जमिनीवर गाद्या घातलेल्या. एक म्हातारी आणली, डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. सलाईन लावायचं होतं आणि शीर दिसत नव्हती. इन्चार्ज सिस्टरने ट्रे माझ्या हातात दिला आणि त्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी सुई घातली, शीर हुकली, हात फुगला. वाटलं, आता त्या ट्रे काढून घेतील. त्यांनी घेतला नाही. एवढंच म्हणाल्या, 'हात गरम कर तिचा.' मी कोमट पाण्यात फडकं पिळून म्हातारीच्या दुसऱ्या हाताला गुंडाळलं, हात कॉटखाली सोडून पाच मिनिटं बसले. मनगटाच्या वर एक निळी रेघ उठली. बोटाने दाबून पाहिली, सुई आडवी धरून सरकवली, नळीत रक्त आलं. सिस्टर म्हणाल्या, 'टेप लाव, थेंब मोज,' आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. शाबासकी नाही, काही नाही. मी घड्याळ लावून थेंब मोजत बसले आणि त्या मिनिटाला मला पक्कं वाटलं की हे मला येतं आणि उद्या पुन्हा करावंसं वाटेल. पहाटे म्हातारीला लघवी झाली, म्हणजे सलाईन लागू पडलं. आमच्या धंद्यात त्यासारखा आनंद नाही, तुला हे सांगायला नको.

माझ्या व्यवसायाची जाण अशी दोन माणसांनी घडवली. नर्सबाईंनी मला दारापर्यंत आणलं. इन्चार्ज सिस्टरने माझ्या हातात ट्रे ठेवला आणि तो परत घेतला नाही. दोघींचं करणं फार वेगळं आहे, आणि तुझ्या बाबतीत मला नेमकं हेच विचारायचंय : तुझ्या हातात ट्रे कुणी दिला?

मी मुलींना मानसशास्त्राचा पेपर शिकवते. त्यात अल्बर्ट बांडुरा येतो. 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो, याचे चार उगम त्याने 1977 साली मांडले. सगळ्यांत बळकट म्हणजे स्वतः केलेलं आणि जमलेलं काम. मग आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना पाहणं. मग कुणीतरी 'तुला जमेल' असं सांगणं. आणि चौथं, त्या वेळी आपल्या शरीराची आणि मनाची अवस्था काय आहे ते. सांगण्याचा जोर करण्यापेक्षा कमी असतो, हे वॉर्डात मी रोज बघते. आपल्या घरांतून मात्र सांगणंच चालतं. 'हिच्या हाताला गुण आहे' हे तू पंधरा वर्षं ऐकलंस, हातात काही न धरता. पहिली सुई हुकली तेव्हा ते वाक्य तुझ्या मदतीला आलं का? की उलट लाज वाटली, की गुण गेला कुठे?

एक उदाहरण मला फार आवडतं. जयंत नारळीकर लहान असताना बनारसला राहायचे, वडील तिथे विद्यापीठात गणित शिकवत. घरात भिंतीवर फळे होते. त्यांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, तिथे शिकायला आले होते. ते फळ्यावर एखादं गणित लिहायचे, वर लिहायचे की हे जयंतला आव्हान, आणि जयंत सोडवेपर्यंत ते पुसायचे नाहीत. 'तू मोठा गणिती होणार' असं भाकीत ऐकवण्यापेक्षा तो फळा मला मोलाचा वाटतो. मुलगा येता-जाता ते गणित बघत असणार, जेवताना डोक्यात घोळवत असणार. त्याच्या आवडीला काम मिळालं, आणि पुढचं त्याच्यावर सोडलं गेलं. माझ्या इन्चार्ज सिस्टरही फळ्यावर लिहिणाऱ्यांपैकी होत्या.

आता यातली अवघड बाजू. जवळचं माणूस ढकलतं तेव्हा त्याचं प्रेम आणि त्याची हौस वेगळी करता येत नाही. आपल्याच पेशाच्या इतिहासात याचं ठळक उदाहरण आहे, रमाबाई रानड्यांचं. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न झालं, अक्षरओळखही नव्हती, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. शिकावंसं वाटलं का, असं त्या मुलीला कुणी विचारलेलं दिसत नाही. दुसरीकडे घरातल्या बायका तिच्या इंग्रजीवरून तिला घालूनपाडून बोलत. एक माणूस पुढे ओढतोय, बाकीचं घर मागे खेचतंय, आणि मधल्या मुलीची स्वतःची इच्छा कोणती, हे तेव्हा कुणाला सांगता आलं असतं? तिलाही नाही.

रानडे 1901 साली गेले. ओढणारा हात राहिला नाही. ती ओढ फक्त त्यांची असती, तर तिथेच संपती. पण पुण्याचं सेवासदन, बायकांना शिकवून उभं करणारी संस्था, 1909 साली उभं राहिलं, आणि रमाबाईंनी तिथे बायकांना, त्यांतल्या कितीतरी विधवांना, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. ज्या काळात चांगल्या घरची बाई परक्या माणसाची सेवाशुश्रूषा करते हेच लोकांना सहन होत नव्हतं, त्या काळात. पतीकडून मिळालेलं शिक्षण त्यांनी अशा कामाकडे वळवलं की पुढे त्यात त्यांचीच मुद्रा उमटली. महाराष्ट्रातल्या नर्सेसनी रमाबाईंना विसरू नये असं मला कळकळीने वाटतं. आमच्या बहुतेक मुलींना नाइटिंगेलची जन्मतारीख पाठ असते आणि रमाबाईंचं नावही ठाऊक नसतं.

तुझी मावशी तर निवृत्त झालीये, तू वॉर्डात असताना ती बघायला येत नाही. मग तू स्वतःला हे विचार : ती कधीच विचारणार नाही असं समजलीस, तर या कामातलं कोणतं काम तू तरीही नीट करशील? 'नर्सिंग' असं मोघम उत्तर देऊ नकोस. ड्रेसिंग? औषधांचा हिशोब? नातेवाइकांना समजावणं? ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, तयारी? लहान मुलांचा वॉर्ड?

हे मी का विचारते, तर 'सेवाभाव' या शब्दाने मी खूप मुली चुकीच्या वाटेला लागलेल्या पाहिल्या आहेत. माझ्याकडे एक मुलगी होती, घरची थोरली, धाकट्यांना वाढवलेली. सगळे म्हणायचे मायाळू आहे. वॉर्डात ती कोमेजायची. पेशंट रडला की हिचे हात थंड. पण ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करायच्या, खोलीत पाठवली की तासाभरात ट्रे लागलेले असायचे, आर्टरी फोर्सेप्स एका दिशेला, कात्र्या वेगळ्या, मोजणी चोख. तिची ओढ नीटनेटकेपणाची होती. घरात धाकट्यांना वाढवतानाही ती तेच करत होती, फक्त लोकांनी त्याला माया हे नाव दिलं. आज ती ओटीत आहे आणि तिच्या टेबलावरचा स्वॅबचा, म्हणजे रक्त टिपायच्या तुकड्यांचा, आकडा कधी चुकत नाही. तिला नर्सिंग सोडायचं होतं तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं की आधी तुझ्या ओढीचं नाव बदलून बघू.

हाताचं कौशल्य मुलाकडे दिसलं तर लोक म्हणतात, हा सर्जन होईल. मुलीकडे दिसलं तर म्हणतात, हाताला गुण आहे, नर्स होईल. याचा मला राग येतो आणि तो मी वर्गात लपवत नाही. उलट माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलग्यांना गावात 'बायकांचं काम' म्हणून हिणवतात. असाच एक ब्रदर सुट्टीत घरी गेला की काय करतो हे सांगायचा नाही, म्हणायचा, 'दवाखान्यात आहे.' मग गावातला एकजण अपघात होऊन याच्याच कॅज्युअल्टीत, तातडीच्या विभागात, आला. त्या माणसाने गावात जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या सुट्टीत लोक रक्तदाब मोजून घ्यायला त्याच्या ओसरीवर आले. तेव्हापासून तो स्वतःचा स्टेथोस्कोप घेऊन घरी जातो. त्याची ओढ आधीही होती. ती चारचौघांत बोलायला त्याला गावातल्याच एका माणसाची गरज पडली.

यावरून मी एक गोष्ट शिकले. आपण आई-वडील, मावशी, शिक्षक यांचाच विचार करत राहतो, कारण ते आधी येतात. पण नोकरीच्या पाचव्या-सातव्या वर्षापर्यंत जी माणसं आपल्याला घडवतात ती वेगळी असतात. सोबत काम करणारे, आणि ज्यांच्यासाठी आपण काम करतो ते. मावशीने तुला दारात आणून सोडलं, पण तुझ्या वॉर्डातली माणसं अजून मोजणीत धरायची आहेत. दोन वर्षं त्यासाठी थोडी आहेत.

मग करायचं काय. एक वही घे. महिनाभर प्रत्येक ड्यूटीनंतर दोन ओळी लिही : आज कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, आणि कोणतं काम मी कुणाला तरी दाखवण्यासाठी केलं. मन कसं होतं वगैरे लिहू नकोस, कामाचं नाव लिही. महिन्याने वाचलंस की ओळी स्वतःच बोलतील. पहिल्या ओळी रिकाम्या निघाल्या, तेही विश्रांती मिळालेल्या महिन्यात, तर ते मी गांभीर्याने घेईन.

दुसरं, तुझ्यावर प्रेम करणाऱ्यांना विचारू नकोस, तुला काम करताना पाहणाऱ्यांना विचार. इन्चार्जला विचार, आणि वॉर्डातल्या आयाबाईंना नक्की विचार. त्यांना सगळं दिसतं. एकदा एका विद्यार्थिनीबद्दल मी निर्णय घेऊ शकत नव्हते, मार्क कमी, बोलणं कमी. आयाबाई म्हणाल्या, 'मॅडम, बाकीच्या पोरी चादर बदलताना एकमेकींशी बोलतात. ही म्हाताऱ्याला सांगते, आता कूस वळवते हं.' मी तिला ठेवलं. ती आता पॅलिएटिव्हमध्ये, बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या विभागात आहे, जिथे असं सांगणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते.

तिसरं, वॉर्ड बदलून माग. एका रुग्णालयातल्या एका वॉर्डावरून अख्ख्या पेशाचा निकाल लावू नकोस. दोन वेगळ्या ठिकाणी काम करूनही वहीत काही उमटलं नाही, तर खुशाल सोड. मी स्वतः तीन मुलींना सोडायला सांगितलं आहे. एक बँकेत आहे, आनंदात आहे. शिकलेलं वाया गेलं का, असं तिला विचारलं तर ती म्हणते, शाखेत कुणाला चक्कर आली की सगळे तिलाच हाक मारतात.

तू शेवटी लिहिलंस की हे सगळं मावशीला सांगायची भीती वाटते, तिला वाईट वाटेल. त्याबद्दल माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर मी आमच्या नर्सबाईंना शोधत गेले. लेकीकडे राहत होत्या, नजर अधू झालेली. मी सांगितलं की तुमच्यामुळे मी नर्स झाले. त्यांना मी आठवत नव्हते. मग म्हणाल्या, 'मला तर शिवणकाम शिकायचं होतं. भावाने फॉर्म भरला. पहिलं वर्षभर रोज रडत होते.' मी विचारलं, मग थांबलात कशा? त्यांनी एका गावाचं नाव सांगितलं, एका बाळंतपणाची रात्र सांगितली, कंदील धरणाऱ्या सासूचं नावसुद्धा सांगितलं. ते नाव त्यांना चाळीस वर्षांनंतर आठवत होतं.

मावशीला फोन कर. तुला शंका आहे हे आधी सांगू नकोस. तिला विचार, पहिल्या वर्षी तिला काय नकोसं व्हायचं, आणि तिच्या हातात ट्रे कुणी दिला होता. ती काय म्हणाली ते मला कळव.